आतल्या दोरीवरचे कपडे

आयडा प्रोहास्काच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नसे, पण त्याचा सदरा तिनं एकदा पाहिला की संपलं. चर्चमधून बाहेर पडताना ती मला कोपरानं ढोसायची आणि पुटपुटायची, "तो बघ, डाव्या बाहीवर कॉफी सांडणारा." त्या गृहस्थाचं नाव, त्याचं दुकान, त्याची तीन मुलं, यातलं तिला काही ठाऊक नसे. बाही मात्र ठाऊक असे.

चौदाव्या वर्षी ती क्लीव्हलंडमधल्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला लागली आणि अडतीस वर्षं तिथल्या वाफेत उभी राहिली. उजव्या तर्जनीचं टोक तिनं चादरी दाबणाऱ्या गरम रोलरला देऊन टाकलं होतं. नवरा पोलादाच्या कारखान्यात. दोघांनी मिळून शहराबाहेर आमच्या हॉथॉर्न ड्राइव्हवर घर घेतलं आणि दोन वर्षांत नवरा गेला. मग ती एकटीच राहिली. माहेरची चेक भाषा बोलायला आसपास कुणी नव्हतं, म्हणून ती टोमॅटोच्या रोपांशी चेकमध्ये भांडायची.

आमच्या रस्त्यावरची घरं सगळी एका साच्यातली. दोन ग्लास जास्त झालेला माणूस शेजारच्या दाराला आपली किल्ली लावत बसलाय, असं तिथं दोनदा घडलेलं आहे, आणि त्यातला एकदाचा माणूस माझा नवरा हॅल होता. घरावरून कुणाला ओळखणं शक्य नव्हतं. ओळखायचं ते सोमवारी, मागच्या अंगणातल्या दोरीवरून. सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री. रविवारी कपडे वाळत घालणाऱ्या बाईशी कुणी बोललं नसतं. आणि दोऱ्यांचेही नियम होते, जे कुणी कधी लिहून ठेवले नव्हते. चादरी बाहेरच्या दोऱ्यांवर. त्यांच्या आत सदरे आणि विजारी. अगदी मधल्या दोरीवर, चादरींच्या आडोशाला, आतले कपडे. सदरा नेहमी खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांगायचा, नाहीतर खांद्यावर टोकं येतात. हे आईनं सांगितलेलं असतं आणि आईला तिच्या आईनं. ज्याला आई सांगत नाही तो पुरुष.

मिसेस प्रोहास्का, आयडाला आम्ही असंच म्हणायचो, सकाळी नऊला कॉफीचा कप घेऊन माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि सगळ्या अंगणांतलं वर्तमानपत्र वाचायच्या. एकदा दोरीवरच्या माझ्या स्कर्टाकडे बघत म्हणाल्या, "ग्लेना, कमरेचा हूक सरकवलास?"

"धुऊन आटलाय तो."

"लोकर आटते. हा सुती आहे. कितवा महिना?"

मी हॅललासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. मला राग आला, हसू आलं, आणि मग पायरीवर बसून मी रडले, कारण आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते आणि तेही त्यांनी दोरीवरूनच ओळखलं होतं. दोन्ही वेळा त्या एक शब्द न बोलता सूप ठेवून गेल्या होत्या. तेव्हा त्यांना नुसतं चोंबडी म्हणायची माझी तयारी नाही. चोंबडी होत्याच, पण नुसत्या नव्हत्या.

एकोणसाठ सालच्या मार्चमध्ये माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या घरात मिस्टर एमेट रिडली राहायला आले. चाळिशीचा, उंच, वाकलेला माणूस. यंत्रांचे आराखडे काढायचं काम करायचा. बायको आहे म्हणाला, लोरेटा नाव, छातीचं दुखणं आहे, उजेड सोसत नाही, पडून असते.

नवीन शेजारी आला की आमच्याकडे प्रत्येक घरातून ओव्हनमधलं गरम भांडं जातं. नूडल्स, मासा, वर पावाचा चुरा. काचेची भांडी सगळ्यांची सारखीच, म्हणून बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. भांडं परत येतं ते घासून, आणि शहाणी बाई ते रिकामं पाठवत नाही. त्या पहिल्या आठवड्यात रिडलीकडे सहा भांडी गेली. सातव्या दिवशी तो स्वतः सगळी घेऊन दारोदार फिरला. सहाही रिकामी, लख्ख, आणि बुडाच्या सगळ्या पट्ट्या खरवडून काढलेल्या! चिकटा समजून त्यानं तासभर घासल्या असाव्यात. माझं भांडं क्विगलींकडे गेलं, क्विगलींचं समोर गेलं, आणि महिनाभर बायका एकमेकींच्या ओट्यावर भांडी उलटीपालटी करून बघत होत्या.

"त्या स्वयंपाकघरात बाई नाही," मॅव्हिस क्विगली म्हणाली. मॅव्हिस माझ्या उजवीकडची. जे सगळ्यांना कळलेलं असतं ते ती पहिल्यांदा कळल्यासारखं सांगते. "आजारी असली म्हणून काय झालं, अंथरुणातून ओरडून सांगता येतं ना, पट्टी राहू द्या म्हणून?"

पण सोमवार आला की रिडलीच्या दोरीवर बाईचे कपडे असायचे. तो सकाळी सात वाजता, कामावर जायच्या आधी, टाय लावून धुणं वाळत घालायचा. हिरवा झगा, पांढऱ्या बटणांचा. ठिपक्यांचा पिवळा. एक करडा. आणि बायकांच्या आतल्या वस्तू बिनदिक्कत बाहेरच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, शाळेच्या बसमधून दिसतील अशा. मॅव्हिसनं डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांमधून सगळं बघितलं.

ईस्टर झाल्यावर मिसेस प्रोहास्कांची कंबर धरली. चार दिवस त्यांना अंथरुणातून उठता येईना. मी त्यांच्याकडे नूडल्सचं भांडं नेऊन दिलं, त्यांनी खाल्लं आणि चवीबद्दल चकार शब्द काढला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर अर्ध्या तासाची रहस्यकथा लागायची. क्विगलींचा संच सगळ्यांत मोठा, म्हणून आम्ही खुर्च्या घेऊन तिकडे जायचो. मेच्या पहिल्या गुरुवारी जी लागली ती मला अजून आठवते. आमच्यासारखाच रस्ता, आमच्यासारखीच घरं. एक माणूस शेजाऱ्यांना सांगतो, बायको बहिणीकडे गेलीय. शेजारीण खिडकीतून बघते तर बायकोचा चष्मा टेबलावरच! नवरा म्हणतो ती लिहिते, पत्रं येतात, पण चष्म्याशिवाय तिला स्वतःचं नाव वाचता येत नसतं. शेजारीण हळूच त्याच्या तळघराच्या पायऱ्या उतरते, वर दार लागल्याचा आवाज होतो, आणि पडदा काळा. मग साबणाची जाहिरात.

मग बर्ट क्विगली, मॅव्हिसचा नवरा, विमा विकणारा, खुर्चीतून उठला आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "रिडली! हा आपला रिडलीच की!"

"बर्ट, हळू. खिडकी उघडी आहे."

"उघडी असू दे. दोन महिने झाले. कुणी पाहिलीय का ती बाई? एकानं तरी? मी उद्याच पोलिसांना फोन करतो. माझ्या ओळखीचा आहे तिथं एक जण."

"कपडे दिसतात की तिचे," हॅल म्हणाला.

"कपडे! कपडे कोणीही टांगेल. तोच तर डाव आहे!"

खरं सांगते, मला भीती वाटली आणि त्याबरोबर एक गंमतही वाटली. आमच्या रस्त्यावर कधी काही होत नसे. आता शेजारी, माझ्या बेडरूमच्या भिंतीपासून वीस पावलांवर, काहीतरी होतं. मला ते हवं होतं. आज याची लाज वाटते, पण त्या गुरुवारी हवं होतं.

कोपऱ्यात मिसेस प्रोहास्का मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बर्ट, सोमवारपर्यंत थांब. मला दोरी बघू दे."

"दोरी बघून काय कळणार तुम्हाला?"

"तुझा बनियन काखेत फाटलाय आणि मॅव्हिस तो न शिवता नुसता घडी करून ठेवते, एवढं कळतं. आणखी सांगू?"

बर्ट खाली बसला.

सोमवारी रिडलीची मोटार कोपऱ्यावर वळली आणि आम्ही दोघी माझ्या कुंपणाशी उभ्या राहिलो. कुंपण कमरेएवढं. वारा आमच्याकडे होता, म्हणून कपडे आमच्याच बाजूला उडत होते.

"हिरव्याच्या काखा बघ," त्या म्हणाल्या. "नव्या कोऱ्या. घड्या बघ, पेटीतल्या आहेत, धुऊनही गेल्या नाहीत. हे कपडे दर आठवड्याला धुतले जातायत, पण अंगात घातलेच जात नाहीत. मळलेलेच नाहीत ते, पोरी."

मी विचारलं, "म्हणजे ती नाहीच?"

"थांब. तो निळा."

शेवटी एक निळा सुती गाऊन होता. त्याच्यावर पुढे खिमटाचा जुना डाग, न निघालेला. बाहीची कड चावून चावून दोरे निघालेली. "हा मात्र घातलेला आहे," त्या म्हणाल्या. "रोज." आणि मला काही कळायच्या आत, कमरेचं दुखणं विसरून, त्यांनी कुंपणावरून पाय टाकला. गाऊनचा गळा उलटा केला. आत बघितलं. मग जणू चिमटाच नीट करायला आलो होतो, असा चिमटा नीट केला आणि परत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय आहे? रक्त आहे का?"

"काही नाही."

"मिसेस प्रोहास्का!"

"चल, कॉफी कर."

बर्ट त्या दिवशी कामावर गेलाच नव्हता. तो स्वतःच्या अंगणातून हाका मारत होता, "काय म्हणते दोरी?"

त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "बाई आहे. जिवंत आहे. तू तुझं गवत काप."

मी कॉफी केली आणि कप त्यांच्यापुढे आपटला. मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "वीस पावलांवर मी झोपते. मला सांगायला काय झालं?"

त्यांनी कप उचलला. "गळ्याच्या आत शिक्का आहे," त्या म्हणाल्या. "न पुसणाऱ्या शाईचा. गोलात एक अक्षर, पुढे आकडा. लढाईच्या दिवसांत हा शिक्का मारणाऱ्या जागेत माणसं कमी पडायची, तेव्हा तिथलं धुणं आमच्या लाँड्रीत यायचं. गाड्या भरून. ते अक्षर मी हजार वेळा बघितलंय. राज्याचं मनोरुग्णालय. बाई तिथं आहे."

वेड्यांचं इस्पितळ. माझ्या ओठांवर शब्द आला होता, मी गिळला.

"हे तू कुणाला सांगणार नाहीस."

"नाही."

"नीट ऐक. मी एकदा असंच एकीचं गुपित सांगितलंय. वीस वर्षांची होते. एका वसतिगृहाचं गाठोडं यायचं, मुलींचं. त्यात एकीच्या चादरीत गुंडाळून लंगोट यायला लागले. लहान बाळाचे. मला इतकी मजा वाटली, ग्लेना! जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं. हुशार वाटलं मला. दुसऱ्या आठवड्यात गाठोड्यातून ती चादर गेली. हाकलली तिला, बाळासकट. जानेवारीत. ती कुठे गेली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "पाच वाजता तयार राहा. आपण त्याच्याकडे जायचं."

पाचला रिडलीनं दार अर्धवट उघडलं. मिसेस प्रोहास्कांच्या हातात भाजलेल्या बटाट्यांचं भांडं होतं. बोलायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मिस्टर रिडली, आतले कपडे आतल्या दोरीवर घालायचे असतात."

त्याचा हात कडीवर गेला, पण मिसेस प्रोहास्का पुढे बोलल्याच.

"आणि ती कधी येणार?"

हा माणूस आता दार आपटणार, अशी माझी खात्री होती. तो बाजूला झाला. आम्ही आत गेलो. हॉलमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाईचा स्वेटर टाकलेला, शेजारी लोकरीचं अर्धं विणलेलं काहीतरी, सुया तशाच. मी जवळून बघितलं तर सुयांवर धूळ होती. मला त्या माणसाची इतकी दया आली की कुठे बघावं कळेना.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

"आम्हा दोघींना. तिसऱ्याला कळणार नाही."

मग तो बोलला. बाळ मृत जन्मलं होतं, सत्तावन्नमध्ये. त्यानंतर लोरेटा बोलायची थांबली, खायची थांबली, इस्पितळात गेली. वर्षानं बरी होऊन घरी आली, त्यांच्या जुन्या रस्त्यावर. "बायका आल्या," तो म्हणाला. "रोज आल्या. हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि तिच्याकडे बघायच्या. कुणी वाटीभर साखर मागितली नाही. कुणी पोरं सांभाळायला दिली नाहीत. कात्री दिसली की उचलून वर ठेवायच्या. आठव्या दिवशी तिनं आपली बॅग स्वतः भरली. म्हणाली, एमेट, तिथं निदान सगळ्या माझ्यासारख्या आहेत."

मी माझ्या हातांकडे बघितलं. माझी घडी घातलेली होती. मी हात सोडले.

"डॉक्टर म्हणतात जूनमध्ये पाठवतो. पण पुन्हा परत गेली तर..." त्यानं सुया सरळ केल्या. "तर ती तिथलीच होईल. तेच म्हणाले तसं. म्हणून मी इथं आलो. मला वाटलं, ती कुठूनतरी येतेय असं कुणाला वाटायलाच नको. ती आधीपासून इथं आहे. आजारी होती, आता उठली, बस्स. रविवारी भेटायला जातो तेव्हा तिचा एक गाऊन आणतो धुवायला. बाकीचे कपडे पेटीतलेच. दर सोमवारी दोरीवर दिसले की लोक म्हणतील, बाई आहे."

"लोक म्हणतात, बाईला मारून तळघरात पुरलंय," मी म्हटलं. तोंडातून निसटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले. मिसेस प्रोहास्कांनी मला एक चिमटा काढला. दंडावर आठवडाभर निळं होतं.

"उद्यापासून किल्ली माझ्याकडे," त्या त्याला म्हणाल्या. "तुम्ही फार वाईट धुता."

त्यानंतर मिसेस प्रोहास्का रोज दिवसा रिडलीच्या घरात जायला लागल्या. पडदे पुढेमागे करत. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओली फडकी टांगत. पिवळा झगा त्यांनी अंगणातल्या मातीत घोळवला, कोपरांना चोळला, मग धुतला, म्हणजे वापरल्यासारखा दिसेल. निळा गाऊन घरी नेऊन बाहीची कड रफू केली. शिक्क्याची पट्टी कापून तिथं नवं कापड लावलं. "शाई निघत नाही," त्या म्हणाल्या, "गळाच बदलावा लागतो."

पण बर्टला चैन नव्हतं. गुरुवारी सकाळी, अकराच्या सुमाराला, पोलिसांची गाडी रिडलीच्या दारात उभी राहिली. लाल मानेचा तरुण पोलीस उतरला आणि बर्ट हातात टोपी धरून त्याच्यामागे. पाच मिनिटांत प्रत्येक दारात एक बाई. मी धावत गेले. का गेले, काय करणार होते, मला काही सुचलं नव्हतं. आत बाई नव्हती, आणि पोलिसानं एक पाऊल आत टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळलं असतं ती कुठे आहे ते.

पोलिसानं घंटा वाजवायला हात उचलला आणि दार आतून उघडलं. मिसेस प्रोहास्का, एप्रन बांधलेल्या, खांद्यावर फडकं, ओठांवर ते अर्धं बोट.

"हळू! काय चाललंय हे?"

पोलीस एक पायरी खाली उतरला. "मॅडम, मिसेस रिडली घरात आहेत का? तक्रार आली आहे, त्यांना कुणी पाहिलेलं नाही."

"कुणी पाहिलं नाही? बर्टनं पाहिलं नाही म्हण. बर्टला कशाला दिसायला हवी परकी बाई गाऊनवर?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बर्टचे कान तापले.

"तुम्ही त्यांना ओळखता?" पोलिसानं विचारलं.

"तिच्या निळ्या गाऊनची बाही काल मी या हातांनी रफू केली. सवय आहे तिला, कड चावायची. गळाही बदलला. आज सूप करतेय. तू कोण रे? आई आहे का तुला? आजारी पडली आणि कोपऱ्यावरचा विमेवाला पोलीस घेऊन दारात आला, तर काय म्हणेल ती?"

त्यांनी एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. मी मोजत होते. सूपसुद्धा खरं होतं, रिडलीसाठी रोज ठेवायच्या.

पोलिसानं टोपीला हात लावला. "माफ करा. त्यांना सांगा, बऱ्या व्हा म्हणून."

"सांगेन," मिसेस प्रोहास्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नंतर मी मागच्या दारानं आत गेले तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. "पोलिसाशी पहिल्यांदाच बोलले," म्हणाल्या. "तो निरोप रिडलीला सांग. तिला पोचवायला सांग. मी शब्द दिलाय."

लोरेटा रिडली आली ती जूनच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, जेव्हा सगळा रस्ता चर्चमध्ये असतो. आम्ही दोघी गेलो नव्हतो. पडद्याआडून बघितलं. लहानखुरी बाई, करडा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. दारापर्यंतची नऊ पावलं तिनं जमिनीकडे बघत टाकली.

"जायचं का आपण?" मी विचारलं.

"आज नाही. आज इथं कोणी आलेलंच नाही, ती आधीपासून आहे. उद्या धुणं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती टोपलं घेऊन मागच्या अंगणात आली. चादरी बाहेर. आतले कपडे आत. सदरा उलटा, खालच्या कडेला चिमटे. दोन चिमटे पडले, पण एक चूक नाही. मॅव्हिसनं स्वतःच्या खिडकीतून बघितलं असणार, कारण तीन मिनिटांत ती माझ्या अंगणातून कुंपणाशी हजर, बरोबर समोरच्या दोघी. आणि तिघी उभ्या राहिल्या. हाताची घडी घालून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आम्ही सगळ्या तशाच उभ्या राहतो. पण लोरेटानं ते बघितलं आणि हातातली उशीची खोळ छातीशी धरून ती जागच्या जागी थांबली. मला तिचे डोळे दिसत होते. ती घराच्या दाराकडे बघत होती, ते किती लांब आहे ते.

मी कुंपणाकडे निघाले.

तेवढ्यात मिसेस प्रोहास्का आल्या, रस्त्यानं नाही, रिडलीच्या अंगणाच्या मागच्या बाजूनं, पाय ओढत, हातात काचेचं भांडं.

"लोरेटा! बरं झालं बाई उठलीस," त्यांनी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "हे तुझं भांडं घे, किती दिवस माझ्याकडे पडलंय. ईस्टरनंतर माझी कंबर धरली होती, तेव्हा नूडल्स पाठवले होतेस ते. स्वतः अंथरुणात, आणि मला पाठवतेस! रिकामं आणलं नाही, बिस्किटं आहेत."

भांडं माझं होतं. कडेला टवका गेलेला, तो मी ओळखला.

लोरेटानं उशीची खोळ दोरीवर टाकली आणि भांडं घेतलं. या बाईला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं ते कलतं केलं आणि बुडाकडे बघितलं. तिथं नवी पट्टी होती आणि पट्टीवर लाँड्रीच्या न पुसणाऱ्या शाईनं, मोठ्या तिरक्या अक्षरात, तिचं नाव. पूर्ण नाव. ती वाचत राहिली. चार शब्द वाचायला लागेल इतका वेळ त्या दोन शब्दांना लागला.

मग तिनं मान वर केली. आवाज घोगरा होता, न वापरलेला.

"मीठ जास्त झालं होतं का?" तिनं विचारलं.

"जरा झालं होतं," मिसेस प्रोहास्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नूडल्स माझे होते! मी जीभ चावली. बाजूला मॅव्हिसच्या हातांची घडी सुटली होती आणि ती दोन्ही हात कुंपणावर टेकून पुढे वाकली होती.

"यांना पाठवलेस," ती म्हणाली, खरोखर दुखावून, "आणि मला नाही? मी पहिल्याच दिवशी भांडं पाठवलं होतं तुझ्याकडे!"

लोरेटानं भांडं टोपल्यात ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला गुरुवारी पाठवते."

गुरुवारी पाठवलंही. मी चाखून बघितलं, नूडल्स खारट होते, माझ्यापेक्षाही खारट. आणि मॅव्हिसनं त्या संध्याकाळी टीव्हीसमोर सगळ्यांना सांगितलं, "बाई गोड आहे, पण मिठाला हात सैल. पहिल्यापासूनच."